स्कुबाचं महागडं ब्रँडेड सामान घ्यावं का? सांगली-साताऱ्याहून डायव्हिंगला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत माझं हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जॅक, व्हॉल्व्ह, ऊसतोड यंत्रांचे सिलिंडर असलं काम दिवसभर हातात असतं. ऑक्टोबर उजाडला की मात्र अर्धं मन मालवणला असतं. गेली आठ-नऊ वर्षं मी दर हंगामात बुड्या मारतोय. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र, हा शेवटी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्हच, त्यामुळे एक जुना, पाण्यात पुन्हा न जाणारा रेग्युलेटर मिळवून मी तो टेबलावर पूर्ण उघडून पाहिला. हे ओळखीपाळखीत कळल्यापासून मिरजेतून, विट्यातून, कराड-साताऱ्याहून कोणीतरी फोन करून विचारतंच, "एवढे पैसे घालू का?" नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी कुठल्याही कंपनीचा माल विकत नाही.

मी अजून एकदाही डायव्हिंग केलेलं नाही. आधी सामान घेऊ का?

नको. पहिल्या बुडीला पोहायचे कपडे आणि टॉवेल पुरे. मालवण-तारकर्लीला सामानाचं भाडं बहुतेक वेळा बुडीच्या पैशांतच धरलेलं असतं. आधी पाण्याखाली श्वास घेऊन बघा, कानात दडा बसतो का ते बघा. आवडलं तर १८ मीटरपर्यंतचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, करा. त्या कोर्समध्ये तीन-चार वेगवेगळे मास्क आणि दोन तऱ्हेची जॅकेटं अंगावर चढतात. आपल्याला काय मानवतं, हे तेव्हा कळतं. दुकानात उभं राहून ते कळत नाही.

महागड्या रेग्युलेटरमध्ये नक्की वेगळं काय असतं?

आधी तो काय करतो ते सांगतो. टाकीत साधारण २०० बार दाबाची हवा असते. (एक बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.) टाकीवर बसणारा पहिला टप्पा तो दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतपत उतरवतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा तो पाण्याच्या दाबाइतका करतो आणि आपण ओढू तेवढीच हवा सोडतो. दर १० मीटरला पाण्याचा दाब जवळपास एक बारने वाढतो, म्हणून हे काम सारखं, न चुकता, प्रत्येक श्वासाला व्हावं लागतं.

स्वस्त आणि महाग यांतला पहिला खरा फरक म्हणजे बॅलन्स्ड पहिला टप्पा. साध्या, बॅलन्स्ड नसलेल्या पिस्टनच्या टप्प्यात टाकीचा दाब थेट व्हॉल्व्हवर काम करतो. टाकी रिकामी होत आली की मधला दाब थोडा उतरतो आणि श्वास किंचित जड लागतो. बॅलन्स्ड रचनेत टाकी भरलेली असो वा ५० बारवर आलेली असो, श्वास तसाच राहतो. खोल गेल्यावर, किंवा आपण आणि जोडीदार दोघंही एकाच टाकीवर दमून श्वास घेत असताना, हा फरक जाणवतो. आठ मीटरवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मासे बघत असताना तो जाणवणं कठीण.

दुसरा फरक सीलबंद डायफ्रॅमचा, म्हणजे बंदिस्त पडद्याचा. समुद्राचं पाणी, वाळू, गाळ पहिल्या टप्प्याच्या आतल्या स्प्रिंगपर्यंत जाऊच नये अशी ती रचना. मालवणच्या पाण्यात वाळू आणि गाळ असतो, त्यामुळे मला स्वतःला ही गोष्ट पैसे घालण्यासारखी वाटते. गोठवणाऱ्या थंड पाण्यात तर ती फारच कामाची, पण आपल्याकडे पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असतं. १० अंशांखालच्या पाण्यासाठी केलेल्या तयारीचे पैसे आपण का भरायचे?

तिसरा फरक दुसऱ्या टप्प्यावरची दोन बटणं. एक श्वास हलका-जड करायला, दुसरं हवेचा झोत वळवायला. सोयीची आहेत, गरजेची नाहीत.

आणि धातू. लोकांना वाटतं, महाग म्हणजे आत काहीतरी वेगळंच असेल. मी उघडलेला रेग्युलेटर पितळेवर क्रोम चढवलेला होता, आणि स्कुबाप्रो, एपेक्स, मारेस, क्रेसी या कंपन्यांच्या बहुतेक मॉडेलांची अंगकाठी तीच असते. टायटॅनियमचे थोडे रेग्युलेटर आहेत. ते हलके असतात, गंजत नाहीत, पण जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला ते चालत नाहीत. आत एक सुई, दोन-तीन स्प्रिंगा, एक रबरी पडदा, प्लास्टिकची एक सीट आणि मूठभर ओ-रिंग, म्हणजे सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्या. किंमत असते ती मापात. सीटवर बसणारी ती गोल कड मी भिंगाखाली धरली, तेव्हा तिच्यावर एक ओरखडा सापडला नाही. आमच्या धंद्यात अशी कड घासून काढायला चांगल्या कारागिराचा अर्धा दिवस जातो. त्या कामाचे पैसे मागितले तर मी नाही म्हणणार नाही.

स्वस्त रेग्युलेटर वापरला तर खाली हवा बंद पडेल का?

ही भीती घालून माल विकला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. आजच्या रेग्युलेटरांचा दुसरा टप्पा अशा रीतीने बांधलेला असतो की बिघडला तर तो उघडा राहतो. म्हणजे हवा थांबत नाही, भसाभसा सुटत राहते. त्या अवस्थेतही श्वास घेत वर यायला कोर्समध्ये शिकवतात. हे स्वस्तालाही लागू आहे आणि महागालाही.

युरोपात विकायच्या प्रत्येक रेग्युलेटरला ईएन २५० नावाची चाचणी पार करावी लागते. ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून, श्वासाला लागणारे कष्ट एका लिटरमागे ३ ज्यूलच्या आत यावे लागतात. ज्या रेग्युलेटरवर हे चिन्ह आहे, तो नावाजलेल्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त असला तरी आपल्या १८ मीटरला पुरून उरतो. स्कुबाप्रोचा एमके २ हा साधा, बॅलन्स्ड नसलेला रेग्युलेटर जगभरच्या डायव्हिंग शाळांत वर्षानुवर्षं राबतोय. त्यात सुटे भाग कमी, म्हणून बिघडायलाही कमी.

जो रेग्युलेटर कुठल्याच चाचणीचं चिन्ह दाखवत नाही, तो मात्र फुकट मिळाला तरी तोंडात धरू नका.

महागड्या रेग्युलेटरने टाकी जास्त वेळ पुरते का?

नाही. हिशोब साधा आहे. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची. २०० बारला त्यात सुमारे २२०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १६५० लिटर. पाण्याच्या वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून ६० लिटर. झाली सत्तावीस मिनिटं. घाबरलेला माणूस वरच मिनिटाला ३०-३५ लिटर ओढतो. त्याला लाखाचा रेग्युलेटर दिला तरी तो सोळा-अठरा मिनिटांत वर येणार. माझी स्वतःची हवा दुसऱ्या हंगामात जास्त पुरायला लागली. सामान तेच भाड्याचं होतं, फक्त हातपाय झाडणं थांबलं होतं.

मग पहिला पैसा कशात घालू?

मास्कमध्ये. आणि तिथे ब्रँड सोडून चेहरा बघा. पट्टा न लावता मास्क तोंडावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. टुसा, क्रेसी, मारेस यांचे मध्यम किमतीचे मास्क अनेक वर्षं टिकतात. काच टेम्पर्ड आहे का आणि कडा सिलिकॉनची आहे का, एवढं बघायचं. पीव्हीसीची कडा काही महिन्यांत कडक होते.

पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण खाली गेल्यावर तो डोळ्यांवर आवळतो आणि नाक बाहेर असल्याने त्यात हवा सोडता येत नाही. स्नॉर्केलिंगचा पूर्ण चेहरा झाकणारा मास्कही टाकीबरोबर चालत नाही.

आता मिशांचं. आपल्याकडे मिशी ही जिव्हाळ्याची गोष्ट, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. कितीही महाग मास्क घेतला तरी भरघोस मिशीतून पाणी झिरपतंच. नाकाच्या लगेच खाली, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची पट्टी साफ करा, बाकीची मिशी तशीच ठेवा. सिलिकॉनची कडा त्या पट्टीवर बसते. वरून दिसतही नाही.

नवीन मास्क धुकट होतो, त्याचं कारण काचेवर राहिलेला कारखान्यातला पातळ थर. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने दोन-तीनदा चोळून धुवा. महागडं फॉगविरोधी लिक्विड घेण्याआधी हे करून बघा.

डाईव्ह कॉम्प्युटर महागातला घेऊ की साधा?

साधा घ्या, पण स्वतःचा घ्या. मास्कनंतर दुसरा पैसा इथेच. खोली, वेळ, अजून किती मिनिटं सुरक्षित आहेत आणि आपण किती वेगाने वर येतोय, या चार गोष्टी सुंटो, क्रेसी, मारेस यांचे सुरुवातीचे मनगटी कॉम्प्युटर नीट दाखवतात. परदेशात दोन-अडीचशे डॉलरच्या आसपास मिळतात. शीअरवॉटरसारख्या कॅनडाच्या कंपनीचा कॉम्प्युटर त्याच्या कैक पट. त्यात झळझळीत रंगीत पडदा, हिशोबातला सावधपणा कमी-जास्त करायची सोय, हेलियमची मिश्रणं, टाकीतली हवा मनगटावर दिसणं हे सगळं असतं. खोल आणि लांबच्या बुड्या मारणाऱ्याला ते लागतं. आपल्यातले बहुतेक जण वर्षाला आठ-दहा बुड्या मारतात. मालवणच्या गढूळ पाण्यात मोठे आकडे वाचायला बरे पडतात, हे खरं, पण मोठ्या आकड्यांचे साधे कॉम्प्युटरही मिळतात. सेल स्वतः बदलता येतो का, तेही विचारा.

हा प्रश्न मी लांबवतोय, कारण आपल्यासाठी कॉम्प्युटरचं एक काम किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. ते म्हणजे घाट.

पाण्याखाली दाबामुळे रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन विरघळतो. हळूहळू वर आलं की तो श्वासावाटे निघून जातो, पण सगळा लगेच जात नाही. पुढचे कित्येक तास थोडा थोडा निघत राहतो. या काळात आपण उंचावर गेलो तर बाहेरचा दाब कमी होतो, आणि गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जसे बुडबुडे उठतात तसे ते अंगात उठू शकतात. म्हणूनच डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था विमानप्रवासाआधी एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त बुड्यांनंतर किमान १८ तास थांबायला सांगते. तो नियम साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरलेला आहे.

आता आपला रस्ता बघा. तारकर्ली समुद्राच्या पातळीला. आंबोली सुमारे ६९० मीटरवर. गगनबावडाही जवळपास तेवढाच. सांगली साधारण ५५० मीटरवर, सातारा त्याहून वर. रविवारी दुपारी बारापर्यंत दोन बुड्या, मालवणी जेवण, आणि तीन वाजता गाडी घाटाला, हा कार्यक्रम मी स्वतः पहिल्या वर्षी केलाय. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला काही झालं नाही, पण आता मी तसं कोणालाही करू देत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही, कारण तो डायव्हिंग करून घरी जातो तेव्हा घाट चढत नाही.

कॉम्प्युटरवर विमानाच्या चिन्हाशेजारी तास उलटे मोजले जातात. तो आकडा शून्यावर आल्याशिवाय घाट चढायचा नाही, असं आमच्या गाडीत ठरलेलं आहे. शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी बुड्या मारा, रविवारी किल्ला बघा, बाजारात मासे घ्या, आणि जेवून निघा. एका रात्रीच्या खोलीचं भाडं रंगीत पडद्याच्या कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा असं काही परतीच्या वाटेवर वाटलं, तर गाडी पुढे न दामटता डॉक्टरांकडे जा आणि डायव्हिंग केल्याचं आधी सांगा.

एखादा ब्रँड चांगला की वाईट, हे तुम्ही कशावरून ठरवता?

त्याची सर्व्हिस कुठे होते, यावरून. माझ्या मते सगळ्या खरेदीतला हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि तोच कोणी विचारत नाही.

रेग्युलेटरला ठरावीक मुदतीने, कंपनीप्रमाणे वर्ष किंवा दोन वर्षांनी, किंवा ठरावीक बुड्यांनंतर उघडून साफ करावं लागतं, ओ-रिंग आणि सीट बदलावी लागते. त्यासाठी त्या मॉडेलचा सर्व्हिस किट लागतो आणि त्या कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. सांगलीत तो नाही, साताऱ्यात नाही. पुणे, मुंबई, गोवा, किंवा कुरिअर. तेव्हा घेण्याआधी फोन करून विचारा, या मॉडेलचा किट तुमच्याकडे आज कपाटात आहे का? "मागवून देऊ" हे उत्तर आलं तर तो रेग्युलेटर कितीही नावाजलेला असला तरी हंगामातले दोन महिने तो कुरिअरच्या खोक्यात असणार.

चार वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगतो. एका ठिकाणी भाड्याने मिळालेला रेग्युलेटर मी हातात घेतला. बऱ्यापैकी महाग मॉडेल, बाहेरून चकचकीत. टाकीला लावण्याआधी मी सवयीने पहिल्या टप्प्याच्या तोंडात डोकावलो. तिथे बारीक छिद्रांची एक गोल जाळी असते, हवा गाळणारी, एरवी ती फिकट धातूच्या रंगाची दिसते. ती हिरवी झाली होती. देवघरातली तांब्याची पळी पाण्यात राहून जशी होते, तशी. म्हणजे धुताना टोपण न लावता तो बादलीत बुडवला होता आणि खारं पाणी आत गेलं होतं. मी तिथल्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "दादा, महागातला आहे, काय होत नाही." मी दुसरा मागितला, साधा, जुना, पण स्वच्छ जाळीचा, आणि तोच घेऊन खाली गेलो.

तीच जाळी तुम्हीही बघा, दर वेळी, टॉर्च मारून. हिरवी दिसली तर आत गंज, पांढरी पूड दिसली तर मीठ, काळसर किंवा तांबूस दिसली तर टाकीतून घाण येते आहे.

आणि विनंती करतो, मी व्हॉल्व्हचं काम करतो म्हणून माझ्याकडे सर्व्हिसला आणू नका. मी उघडून बघू शकतो, पण पाण्यात जाणारा रेग्युलेटर जोडायचा तर त्या कंपनीचं दाबाचं माप आणि त्यांचेच भाग लागतात. ट्रॅक्टरच्या पंपाची ओ-रिंग मापाला बसते म्हणून तिथे घालायची नसते, आणि आमचं ग्रीस तर अजिबात नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलकट ग्रीस यांचं जमत नाही.

स्वतःचं जॅकेट, म्हणजे बीसीडी, घ्यावं का?

लहानपणी पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलून दिलेल्यांना बीसीडी लगेच कळतं. डबा कायम वर आणतो. बीसीडीत हवा भरली तर वर, सोडली तर खाली, आणि नेमकी ठेवली तर मध्ये तरंगत. महागड्या जॅकेटला वजनाचे खिसे, मऊ पट्टे, जास्त कड्या असतात. पाठीवर हवेची पिशवी असलेलं विंग पद्धतीचं जॅकेट पाण्यात आडवं राहायला चांगलं. पण सुरक्षिततेचा भाग सगळ्यांत सारखाच: हवा भरायचं बटण अडकता कामा नये आणि हवा पटकन सोडता आली पाहिजे. वर्षाला वीसपेक्षा कमी बुड्या असतील तर भाड्याचं घ्या आणि आधी ती दोन बटणं दहा वेळा दाबून बघा.

फिन्स आणि सूट?

फिन्समध्ये, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यांत, जाड रबराचे जुन्या वळणाचे फिन्स कोणी देत असेल तर डोळे झाकून घ्या, ते वीस वर्षं जातात. सूट आपल्या पाण्याला तीन मिलिमीटरचा पुष्कळ. सुटाचे जास्त पैसे मऊपणाचे आणि शिवणीचे असतात, उबेचे कमी. अंगाला घट्ट बसला पाहिजे, हे महत्त्वाचं. सैल महागड्या सुटातून पाणी खेळत राहतं आणि थंडी वाजते.

पुतण्या अमेरिकेत आहे. त्याच्याकडून मागवू का?

कॉम्प्युटर, मास्क, फिन्स खुशाल मागवा. रेग्युलेटर मागवताना दोन गोष्टी विचारा. तिथली वॉरंटी इथे चालते का, कारण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते. आणि तेच मॉडेल भारतातला विक्रेता ठेवतो का. ठेवत नसेल तर पुढच्या वर्षी किटसाठीही पुतण्यालाच फोन करावा लागेल.

जुना, वापरलेला रेग्युलेटर स्वस्तात मिळत असेल तर किमतीत पूर्ण सर्व्हिसचा खर्च मिळवून मग तुलना करा. बंद पडलेल्या मॉडेलचा किट मिळत नसेल तर ते शोभेचं पितळ.

ऑनलाइन छोटी हातातली टाकी मिळते, हातपंपाने भरायची. विहिरीत वापरायला घेऊ का?

नाही. कळकळीने सांगतो, नाही. या विषयावर मला सगळ्यात जास्त फोन हल्ली याच वस्तूबद्दल येतात, आणि विचारणारे बहुतेक सतरा-अठरा वर्षांचे असतात.

अर्ध्या लिटरची टाकी २०० बारला भरली तर तिच्यात १०० लिटर हवा. १० मीटरवर ती अडीच मिनिटांत संपते, घाबरलात तर त्याच्याही आत. हातपंपाने भरलेल्या हवेत ओल आणि पंपाचं तेल जाऊ शकतं. पण खरा धोका वेगळाच आहे. दाबाखालची हवा छातीत भरून, श्वास रोखून वर आलात तर ती छातीत फुगते. फुप्फुसाला इजा व्हायला दीड मीटरचं अंतरसुद्धा पुरतं. आपल्या विहिरीत पोहणाऱ्या पोराची सगळ्यात पक्की सवय कुठली? श्वास रोखून धरण्याची. साध्या सूर मारण्यात ती बरोबर आहे, कारण तिथे हवा वरूनच भरून नेलेली असते. टाकीची हवा घेतल्यावर तीच सवय जीवावर उठते. हे कोर्सच्या पहिल्या तासाला शिकवतात, आणि ही वस्तू बिनकोर्सची विकली जाते.

मोठी टाकी स्वतःची घेऊ का?

सांगलीत ती भरणार कुठे? श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा असतो, पंक्चरच्या दुकानातला नव्हे. भारतात उच्च दाबाच्या सिलिंडरला पेसो या केंद्र सरकारच्या विभागाची मान्यता लागते, आणि ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाची चाचणी करून तारीख खोदून घ्यावी लागते. भाड्याच्या टाकीवरही ती तारीख खांद्यापाशी कोरलेली असते. वाचत जा.

कोयना किंवा धोमच्या पाण्यात सराव करता येईल का?

पाटबंधारे खात्याच्या परवानगीशिवाय धरणात उतरू नका. परवानगी असली तरी ते पाणी ३०० मीटरच्या वरचं आहे. तिथे कॉम्प्युटरला उंचीची सेटिंग द्यावी लागते, काही कॉम्प्युटर आपोआप घेतात, काहींना हाताने सांगावं लागतं. खरेदी करताना हे विचारा, आपल्या भागातल्या माणसाला ते उपयोगाचं आहे. गोड्या पाण्यात कमरेचं वजनही दोन-तीन किलोने कमी लागतं.

गावच्या रेस्क्यू टीमसाठी वर्गणी काढून चांगल्या ब्रँडचा स्कुबा किट घेतोय. कोणता घ्यावा?

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो आणि विचारणाऱ्यांचं मन मी ओळखतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या पुढे गेलं तेव्हा आपण सगळ्यांनी काय बघितलं ते मी इथे लिहीत नाही. आपल्या पोरांनी काहीतरी करावं, हे वाटणं बरोबर आहे.

पण हौशी डायव्हिंगचा किट पुराच्या पाण्यासाठी बनवलेलाच नाही. पुरात एक वीतही दिसत नाही. खाली झाडं, तारा, कुंपणं, पत्रे असतात. पाण्याचा जोर अंगावरचा मास्क आणि तोंडातला रेग्युलेटर ओढून नेतो. पाण्यात सांडपाणी आणि डिझेल मिसळलेलं असतं, ते साध्या मास्कमधून तोंडात जातं. जे लोक हे काम करतात ते पूर्ण चेहऱ्याचा मास्क, वरून धरलेला दोर, बोलायची वायर आणि किनाऱ्यावर दुसरा तयार डायव्हर यांच्याशिवाय उतरत नाहीत, आणि त्यामागे महिनोन्‌महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण असतं. बहुतेक वेळा ते जिवंत माणसासाठी उतरतही नाहीत.

एका महागड्या किटच्या पैशांत प्रत्येक स्वयंसेवकाला कॉलर असलेलं चांगलं लाईफ जॅकेट, पाण्यातलं हेल्मेट आणि फेकायची दोराची पिशवी येते. दोर पंधरा-वीस मीटरचा, तरंगणारा घ्या. पैसे उरले तर बोटीच्या इंजिनाची सर्व्हिस करून घ्या, मे महिन्यात, जूनमध्ये नव्हे. बोटीत जेवढी जॅकेटं तेवढीच माणसं, त्याहून एक जास्त नाही. इथे ब्रँड बघायचा असेल तर लाईफ जॅकेटचा बघा, किती किलो माणसाला तरंगवतं हे त्यावर छापलेलं असतं.

चौघांत मिळून एक रेग्युलेटर घेतला तर?

आम्ही तिघांनी घेतलाय, बॅलन्स्ड, सीलबंद डायफ्रॅमचा, मधल्या किमतीचा. भिशीसारखे पैसे जमवले आणि पहिल्या दिवसापासून सर्व्हिसचे वेगळे काढतो. तोंडात धरायचा रबरी तुकडा मात्र ज्याचा त्याचा, तो काही शे रुपयांत मिळतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने बसतो. पट्टी नीट आवळली आहे का ते ओढून बघायचं. एका वहीत कोणी कधी नेला, किती बुड्या झाल्या आणि धुतला की नाही, हे लिहायचं. तिसरा रकाना कधीच रिकामा सोडायचा नाही.

पावसाळ्यात सामान कसं ठेवू?

मेअखेर मालवणचं डायव्हिंग बंद होतं ते ऑक्टोबरपर्यंत. शेवटच्या बुडीनंतर पहिल्या टप्प्याचं टोपण घट्ट लावून गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा. भिजत असताना दुसऱ्या टप्प्याचं मधलं बटण दाबू नका, नाहीतर पाणी नळीतून आत जाईल. सावलीत वाळवा. नळ्यांना घडी पडू देऊ नका, मोठ्या गोल वेटोळ्यात सुती पिशवीत ठेवा. इलेक्ट्रिक मोटर आणि डिझेलच्या कॅनपासून लांब, त्याने रबर तडकतं. बीसीडीत थोडी हवा भरून ठेवा म्हणजे आतून चिकटत नाही. कॉम्प्युटरचा सेल बघा.

ऑक्टोबरात निघायच्या आदल्या आठवड्यात, टाकी नसताना, टोपण लावलेलं ठेवून रेग्युलेटर तोंडात धरा आणि हवा ओढा. काहीच यायला नको, पडदा आत खेचल्यासारखा वाटला पाहिजे. थोडीशी जरी हवा आली तर कुठेतरी फट आहे. मग तो सर्व्हिसला पाठवा आणि या खेपेला भाड्याचा घ्या.